पाठ आहे, पण मोजता येत नाही: व्हायरस गेल्यावर डोक्यात काय उरतं

आमच्या काकूला अथर्वशीर्ष पाठ आहे हे सांगणं म्हणजे राजवाड्याला सात मजले आहेत हे सांगण्यासारखं आहे, इंदूरात कोणाला त्याचं नवल नाही. लग्न होऊन ती लोकमान्य नगरात आली तेव्हापासून गणपतीत घरी एकवीस आवर्तनं होतात आणि मोजायचं काम तिचंच. बोटांवर नाही, माळेवर नाही, डोक्यात. म्हणता म्हणता हाताने खूण करणार की दूध वर येतंय, गॅस बंद करा, आणि तरी आकडा चुकायचा नाही. २०२१ च्या एप्रिलात तिला कोविड झाला, घरीच होती, ऑक्सिजनबिक्सिजन काही लागलं नाही, दोन आठवड्यांत उठून कामाला लागली. सप्टेंबरात गणपती आले आणि अठरावं आवर्तन संपल्यासंपल्या काकूने थेट फलश्रुती सुरू केली. फलश्रुती सगळ्यात शेवटी म्हणतात, म्हणजे तिच्या हिशेबाने एकवीस झाली होती. वहिनी कागदावर रेघा मारत बसली होती, ती हळूच म्हणाली, "आई, अजून तीन आहेत." काकू थांबली. रागावली नाही, हसली पण नाही, नुसती आमच्याकडे बघत राहिली.

यात एक गोष्ट बघा, श्लोक ती एकही चुकली नव्हती. चुकली ती मोजणी. ही गोष्ट मला तेव्हा कळली नाही, घरी सगळे म्हणाले वय झालं, मीही म्हटलं. कॉलेजात झूलॉजी शिकवते मी, तरी!

आता हे सगळं परत काढायचं कारण म्हणजे आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर परवा कोणीतरी फॉरवर्ड टाकलं की कोविड झालेल्या सगळ्यांचे मेंदू आकसलेत आणि दहा वर्षांनी अर्धं गाव विसरभोळं होणार. त्याखाली दुसऱ्याने लिहिलं की सगळं थोतांड आहे, औषध कंपन्यांचा धंदा. दोघेही चुकीचे आहेत, आणि मधली जी खरी गोष्ट आहे ती फॉरवर्डमध्ये मावत नाही म्हणून इथे लिहितेय.

आधी हे बघू की "आठवण" म्हणजे नक्की काय

आपण "माझी मेमरी गेली" म्हणतो तेव्हा दोनतीन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत घालतो. स्वयंपाकघर डोळ्यापुढे आणा. एक कोठी असते, तिथे वर्षाचं धान्य, लोणची, पापड, सगळं डब्यात भरून ठेवलेलं. आणि एक ओटा असतो, जिथे आत्ता, या मिनिटाला, पोळी लाटणं चालू आहे, बाजूला फोडणी तडतडतेय, कुकरची दुसरी शिट्टी झाली की तिसरी याचा हिशेब चाललाय. कोठी म्हणजे जुन्या आठवणी. ओटा म्हणजे ज्याला वर्किंग मेमरी म्हणतात ती, आत्ताच्या कामापुरतं धरून ठेवणारी जागा. हा ओटा सगळ्यांचाच लहान असतो, त्यावर एका वेळी चारपाच वस्तू मावतात, फार नाही.

व्हायरसच्या आजारानंतर बहुतेकांच्या कोठीला काही होत नाही. लहानपणचा पत्ता, शाळेतली कविता, लग्नात कोणी कोणता आहेर दिला, सगळं शाबूत. अरुंद होतो तो ओटा. शिवाय कोठीतून वस्तू आणून देणारा जो पोऱ्या आहे तो पाय ओढत चालायला लागतो, म्हणजे शब्द जिभेवर असतो पण यायला वेळ लागतो. काकूचे श्लोक कोठीतले होते म्हणून सरळ आले. "आत्ता अठरा झाली" हे ओट्यावर ठेवायचं होतं, ते घरंगळून खाली पडलं.

आणि तिसरा प्रकार, जो लोकांना सगळ्यात जास्त घाबरवतो, तो म्हणजे काल कोणी काय सांगितलं ते अजिबात न आठवणं. पण पुष्कळदा ती गोष्ट विसरलेली नसते, डब्यात भरलीच गेलेली नसते. लक्षच अर्धं होतं तर नोंद कशी होणार. जे ठेवलंच नाही ते शोधून सापडत नाही, त्याला चोरी म्हणत नाहीत.

या सगळ्याला लोक ब्रेन फॉग म्हणतात. हे आजाराचं नाव नाही, तक्रारीचं नाव आहे, जसं "अंग मोडून आलंय" हे निदान नसतं तसं. लाँग कोविड, म्हणजे कोविड गेल्यावरही रेंगाळणारा त्रास, हा शब्दसुद्धा डॉक्टरांनी नाही, मे २०२० मध्ये एलिसा पेरेगो नावाच्या पुरातत्त्व अभ्यासक बाईने स्वतः आजारी असताना ट्विटरवर वापरला आणि तिथून तो जगभर गेला. जागतिक आरोग्य संघटनेने व्याख्या केली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये: आजार सुरू झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनी त्रास आहे, निदान दोन महिने टिकलाय, आणि त्याचं दुसरं काही कारण सापडत नाही. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, त्याच्याकडे नंतर येते.

"मेंदू आकसला" ही बातमी आली कुठून

मार्च २०२२ मध्ये "नेचर" या जर्नलमध्ये ऑक्सफर्डच्या टीमचा पेपर आला. त्यांच्याकडे एक दुर्मिळ गोष्ट होती, ती म्हणजे आजाराच्या आधीचे फोटो. ब्रिटनमध्ये यूके बायोबँक नावाचा मोठा प्रकल्प आहे, त्यात हजारो लोकांचे मेंदूचे स्कॅन कोविड यायच्या आधीच काढून ठेवलेले होते. त्यातल्या ७८५ जणांना परत बोलावलं. ४०१ जणांना दोन स्कॅनच्या मधल्या काळात कोविड होऊन गेला होता, बाकीच्यांना नाही. वय ५१ ते ८१. आणि बहुतेकांचा आजार हलका होता, फक्त १५ जण हॉस्पिटलात गेले होते.

निघालं असं की कोविड झालेल्यांमध्ये वासाशी आणि आठवणींशी जोडलेल्या काही ठरावीक भागांत झीज थोडी जास्त होती, ०.२ ते २ टक्के इतका फरक. लक्षात घ्या, अख्खा मेंदू २ टक्क्यांनी आकसला असं नाही. काही भाग, आणि तेही दुसऱ्या गटाच्या तुलनेत. या वयात दर वर्षी थोडी झीज सगळ्यांचीच होत असते. शिवाय दुसरा स्कॅन आजारानंतर सरासरी १४१ दिवसांनी काढला होता, म्हणजे जेमतेम पाच महिने, पुढे ते भरून येतं का हे त्या एका स्कॅनमधून कळत नाही. वासाच्या भागाचं म्हणाल तर वास येणं महिनोन्महिने बंद पडलं की वास ओळखणारा मेंदूचा भाग बसून राहतो आणि बसून राहिलेला स्नायू जसा बारीक होतो तसं काहीसं तिथे होऊ शकतं. मग फॉरवर्डवाल्याने काय केलं, "२ टक्के" उचललं आणि "सगळ्यांचे मेंदू" जोडून दिलं, झालं काम.

दुसरा आकडा तुम्ही ऐकला असेल तो आयक्यूचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने एक लाख बारा हजारांहून जास्त लोकांची ऑनलाइन परीक्षा घेऊन निकाल छापला. कोविड न झालेल्यांच्या तुलनेत, होऊन पूर्ण बरे झालेल्यांचे गुण साधारण ३ आयक्यू पॉइंट इतके कमी, ज्यांचा त्रास रेंगाळला होता त्यांचे ६, आणि आयसीयूत राहून आलेल्यांचे ९. ऐकायला भयंकर वाटतं. पण हा सरासरीचा आकडा आहे हो. सराफ्यातल्या खाऊगल्लीत एका रात्री सगळ्यांचा मिळून धंदा तीन टक्के कमी झाला, तर याचा अर्थ प्रत्येक गाडीवर तीन टक्के कमी खपलं असा होत नाही, बहुतेकांचा गल्ला नेहमीसारखा आणि दोनचार जणांची गाडीच लागली नाही असंही असू शकतं. आणि या परीक्षेत आधीचे गुण नव्हते, आजारानंतर एकदाच तपासलं, म्हणजे हा दोन गटांमधला फरक आहे, कोणा एकाची घसरण नाही.

त्याच पेपरात एक चांगली बातमी होती, ती कोणी फॉरवर्ड केली नाही. ज्यांचा त्रास महिनोन्महिने चालला पण शेवटी थांबला, त्यांचे गुण पटकन बऱ्या झालेल्यांच्या आसपासच होते. म्हणजे ओटा परत रुंद होऊ शकतो.

पण व्हायरस फुप्फुसात, मग डोक्यात गडबड कशी?

हा प्रश्न मला विद्यार्थीही विचारतात आणि तो बरोबर आहे. मला आवडतो तो भागही हाच, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं की व्हायरस नाकातून वर मेंदूत घुसत असेल. पण हलका आजार होऊन गेलेल्यांमध्ये तसा भक्कम पुरावा मिळेना. मग २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या मिशेल मोंजे आणि येलच्या अकिको इवासाकी यांच्या टीमने उंदरांवर प्रयोग केला. त्यांनी अशी व्यवस्था केली की व्हायरस उंदराच्या श्वासनलिकेत आणि फुप्फुसांतच राहील, दुसरीकडे जाणार नाही. आजार अगदी हलका, वजनसुद्धा घटलं नाही. मेंदूत व्हायरस नव्हता. आणि तरी सात आठवड्यांनंतरही मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशी खवळलेल्या होत्या.

मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूची सफाई टीम. आणि सफाई टीम समजवायला इंदूरपेक्षा चांगलं गाव कुठलं! रंगपंचमीची गेर, म्हणजे आमची रंगाची मिरवणूक, आठवा. राजवाड्यासमोर लाखो लोक, टँकरने रंग, मिसाइलसारख्या उडणाऱ्या पिचकाऱ्या, रस्ता लाल-हिरवा, चपलांचा खच. आणि गेर गेली की महापालिकेची माणसं झाडू, पाण्याचे टँकर घेऊन उतरतात, बघता बघता रस्ता परत काळा दिसायला लागतो. ही झाली चांगली मायक्रोग्लिया. आजार आला, कचरा झाला, उचलला, घरी गेले.

आता कल्पना करा की रस्ता स्वच्छ झाला तरी टीम घरी गेलीच नाही. कोणीतरी भोंग्यावर अजून ओरडतंय "कचरा आहे, कचरा आहे", आणि ती माणसं दुसऱ्या दिवशी पण पाणी मारतायत, तिसऱ्या दिवशी दुकानाच्या पाट्या घासून रंग काढतायत, दारापुढची तुळस पण कचरा समजून उपटली. रस्ता बंद, ट्रॅफिक जाम. मेंदूत हेच होतं. भोंगा म्हणजे रक्तातून फिरणारे सूज वाढवणारे सिग्नल, जे फुप्फुसातून निघाले तरी रक्तातून सगळीकडे पोचतात. त्यातलं सीसीएल११ नावाचं एक प्रोटीन या उंदरांमध्ये वाढलेलं सापडलं, आणि ज्या माणसांना कोविडनंतर डोकं चालत नाही ही तक्रार होती त्यांच्यातही, तक्रार नसलेल्यांपेक्षा जास्त. तुळस म्हणजे हिप्पोकॅम्पसमधल्या नव्या पेशी. हिप्पोकॅम्पस हा मेंदूतला आठवणींची नोंद करणारा भाग, समुद्रघोड्यासारखा वळलेला दिसतो म्हणून ग्रीकमध्ये त्याचं हे नाव. आणि पाट्यांचा रंग म्हणजे मायलिन, नसांच्या तारांवरचं कव्हर. कव्हर गेलं की करंट जातो पण हळू जातो. पोऱ्या पाय का ओढतो त्याचं एक उत्तर इथे आहे.

मोंजेबाईंना हे बघून फार आश्चर्य वाटलं नसावं, कारण कॅन्सरच्या केमोथेरपीनंतर पेशंटना अगदी अशीच तक्रार असते, केमोब्रेन म्हणतात त्याला, आणि त्यावर त्या आधीपासून काम करत होत्या. त्याच प्रयोगात फ्लूचा एच१एन१ देऊनही बघितला. सुरुवातीला तसंच चित्र दिसलं, नंतर बरंचसं निवळलं, हिप्पोकॅम्पसमधलं मात्र रेंगाळलं. मतलब, हा फक्त कोविडचा प्रताप नाही.

दुसरं कारण सांगते ते श्रीखंडाचं. चक्का बांधायला आपण घट्ट विणीचं फडकं घेतो, पाणी खाली जातं आणि चक्का वर राहतो. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये असंच एक फडकं आहे, रक्तवाहिन्यांच्या भिंतीच्या पेशी एकमेकींना इतक्या चिकटून असतात की रक्तातलं वाटेल ते आत जात नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या टीमने फेब्रुवारी २०२४ मध्ये दाखवलं की लाँग कोविडमध्ये ज्यांना ब्रेन फॉग आहे त्यांचं हे फडकं विरलेलं आहे, आणि ज्यांना लाँग कोविड आहे पण ब्रेन फॉग नाही त्यांचं नाही. हे साध्या एमआरआयमध्ये दिसत नाही, शिरेतून विशिष्ट द्रव देऊन तो किती झिरपतो ते मोजावं लागतं. आमच्या काकूचा एमआरआय नॉर्मल आला होता आणि ज्या डॉक्टरांना दाखवलं त्यांनी रिपोर्ट लिफाफ्यात परत घालत विचारलं, "घरी काही टेन्शन आहे का?" टेन्शन होतंच, डोकं चालत नाही याचं.

पोटाचाही संबंध आहे, २०२३ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या संशोधकांनी सुचवलं की व्हायरसचे अवशेष आतड्यात राहिले तर सेरोटोनिन नावाचं रसायन कमी होतं आणि पोटाकडून मेंदूकडे जाणारी व्हेगस नस मंदावते. यावरून उठून कोणी स्वतःच्या मनाने सेरोटोनिन वाढवणाऱ्या डिप्रेशनच्या गोळ्या घेऊ नका, उंदरापासून माणसापर्यंतचा रस्ता लांब असतो.

"हे आमच्या आज्जीच्या वेळी नव्हतं"

होतं, नाव नव्हतं. १८८९-९० ची साथ आणि १९१८ चा इन्फ्लुएन्झा, दोन्हीनंतरच्या डॉक्टरांच्या नोंदींमध्ये महिनोन्महिने न जाणारा थकवा, उदासी, कामात लक्ष न लागणं हे सगळं आहे. आपल्याकडे तेव्हा जिवंत राहिला हीच गोष्ट इतकी मोठी होती की तो पूर्वीसारखा हिशेब करतो की नाही हे कोण बघणार.

आणि काही व्हायरस तर आपल्याला आधीपासून माहीत आहेत की जे मेंदूवर फार नंतर येतात. गोवर घ्या. फार क्वचित, गोवर होऊन गेल्यावर साधारण सातदहा वर्षांनी, चांगलं शिकणारं मूल अचानक अभ्यासात मागे पडायला लागतं, मग झटके येतात, आणि त्या आजारावर आजही खात्रीचा इलाज नाही. म्हणून ती नवव्या महिन्यातली आणि मग दीड वर्षाच्या आसपासची लस चुकवायची नसते, "गोवर काय, सगळ्यांनाच होतो" म्हणणाऱ्यांना हे सांगा. जपानी मेंदूज्वरातून वाचलेल्या बऱ्याच मुलांमध्ये शिकण्याबोलण्याचा त्रास कायमचा राहतो. २०२२ मध्ये अमेरिकेच्या एक कोटी सैनिकांच्या साठवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून दिसलं की एपस्टीन-बार या अगदी घरगुती व्हायरसची लागण झाल्यावर मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदूच्या आजाराचा धोका ३२ पट होतो. आता हा व्हायरस जवळपास सगळ्यांनाच होऊन गेलेला असतो आणि तो आजार फार थोड्यांना होतो, तेव्हा घाबरायचं कारण नाही, पण "व्हायरस आला, गेला, विषय संपला" हे काही खरं नाही.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण नागिणीचं आहे. नागीण म्हणजे लहानपणच्या कांजिण्यांचाच व्हायरस, जो पाठीच्या कण्याजवळच्या नसांत पन्नास पन्नास वर्षं झोपतो आणि म्हातारपणी उठतो. आपल्याकडे अजूनही लोक म्हणतात की नागिणीची दोन तोंडं जुळली की माणूस जातो, ते खोटं आहे, पण नागीण नुसती कातडीची गोष्ट नाही एवढं मात्र खरं निघालं. वेल्समध्ये १ सप्टेंबर २०१३ ला नागिणीची लस सुरू झाली आणि नियम असा केला की २ सप्टेंबर १९३३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच मिळेल, त्याआधीच्यांना कधीच नाही. म्हणजे एकाच गावातल्या दोन म्हाताऱ्या, एकीचा वाढदिवस आठवडाभर आधी एवढाच फरक, एकीला लस मिळू शकली आणि एकीला नाही. सात वर्षांनी मोजलं तेव्हा लस घेतलेल्यांमध्ये डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, साधारण एक पंचमांश कमी! एप्रिल २०२५ मध्ये "नेचर"मध्ये हे आलं. सरकारी नियमाच्या एका तारखेने असा प्रयोग करून दिला जो कुठल्या शास्त्रज्ञाला परवानगी घेऊन करता आला नसता. (ती जुन्या प्रकारची लस होती. आपल्याकडे आता पन्नाशीच्या पुढच्यांसाठी नवीन प्रकारची मिळते, महाग आहे.)

"वय झालं", "मनाचे खेळ", "लसीमुळे झालं"

वयाचं विसरणं उताराच्या रस्त्यासारखं असतं, कधी सुरू झालं ते सांगता येत नाही. व्हायरसनंतरचं जिन्याच्या पायरीसारखं असतं, पेशंट तारीख सांगतो. होळीपर्यंत ठीक होते, अक्षय्य तृतीयेनंतर नाही. असं कोणी सांगितलं तर ते ऐकून घ्या.

मनाचे खेळ म्हणणाऱ्यांना माझं एकच म्हणणं आहे की उंदरांना ईएमआय नसतो. हां, डिप्रेशनमध्येही डोकं असंच मंद होतं, आणि महिनोन्महिने डोकं मंद राहिलं तर माणूस डिप्रेशनमध्येही जातो, दोन्ही एकमेकांत गुंततात, त्यामुळे त्यावर उपचार घ्यायला लाजू नये. पण मन बरं करू आणि मग मेंदू आपोआप सुटेल अशा भरवशावर राहू नका.

कोविडच्या लसीचं म्हणाल तर लाँग कोविड हा शब्दच मे २०२० चा आहे, तेव्हा लस होती कुठे. शिवाय अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या नोंदी पाहिल्या तर सुरुवातीच्या काळात, लस नसताना, कोविडनंतर वर्षभरात असे लांबलेले त्रास शंभरातल्या साधारण १० जणांना दिसले, ओमिक्रॉनच्या काळात लस घेतलेल्यांमध्ये ३.५. काही व्हायरस बदलल्यामुळे आणि बराचसा लसीमुळे.

मग हा डिमेन्शिया आहे का?

बहुतेकांसाठी नाही. डिमेन्शिया वाढत जातो, कोठीच रिकामी व्हायला लागते, आणि पुष्कळदा स्वतःला कळत नाही, घरचेच डॉक्टरकडे घेऊन जातात. ब्रेन फॉगवाला स्वतः यादी करून नेतो. वहिनी म्हणते तसं, जो सारखा म्हणतो मी विसरतो, तो विसरतोय हे तरी विसरलेला नाही. पण वयस्करांच्या बाबतीत मी तेवढी बिनधास्त नाही, कारण २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात, साडेबारा लाखांच्या वर पेशंट होते त्यात, कोविडनंतर दोन वर्षांपर्यंत डिमेन्शियाच्या नोंदी श्वासाच्या इतर आजारांच्या तुलनेत जास्त दिसल्या, मुख्यतः म्हाताऱ्या माणसांत. आधीच सुरू झालेली झीज आजाराने उघडी पडली असंही असेल. तर आज्जी-आजोबांचं चुकणं महिन्या महिन्याला वाढत असेल, ओळखीच्या गल्लीत रस्ता चुकत असतील, तर हा लेख वाचून धीर धरू नका, न्यूरॉलॉजिस्टकडे जा. आणि अचानक बोबडी वळणं, एका बाजूचा हातपाय ढिला पडणं, झटका, किंवा तापात भ्रम होणं याला ब्रेन फॉग म्हणत नाहीत, त्याला त्याच मिनिटाला हॉस्पिटल म्हणतात.

करायचं काय

ते व्याख्येतलं शेवटचं वाक्य, दुसरं कारण सापडत नाही. सापडत नाही म्हणण्याआधी शोधावं तर लागतं ना. आपल्या माळव्यातल्या शाकाहारी घरांत बी-१२ खूप जणांचं कमी निघतं, पोहे-जिलबी-सेव यांत ते नसतं, दूध-दह्यात थोडं असतं. बी-१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन, शुगर, एवढं रक्त तपासून घ्या. घोरत असाल आणि सकाळी उठल्यावर पण झोप झाल्यासारखं वाटत नसेल तर त्याची तपासणी. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या जुन्या प्रकारच्या, झोप आणणाऱ्या गोळ्या रोज घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, त्या डोकं जड करतात. चिकनगुनियानंतर सांधे महिनोन्महिने ठणकतात, रात्रीची झोप तुटते, मग दिवसा डोकं कसं चालणार, तिथे आधी दुखण्याचा इलाज. काकूचं बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं घेतली, बराच फरक पडला, पूर्ण नाही.

ब्रेन टॉनिकच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका. अमेरिकेत सरकारी खर्चाने कॉम्प्युटरवरचे मेंदूचे व्यायाम, तज्ज्ञांबरोबरचं प्रशिक्षण, डोक्याला सौम्य करंट असे उपाय एकमेकांशी ताडून बघितले, सगळ्याच गटांना थोडं बरं वाटलं पण एकही उपाय दुसऱ्यापेक्षा सरस ठरला नाही. काळ पण काम करतो.

आणि एक गोष्ट जी आपल्या स्वभावाच्या उलट आहे: रेटायचं नाही. ज्यांना थोडं जास्त काम केलं की दुसऱ्या दिवशी पार गळून जायला होतं, त्यांनी "चालायला लागा, आपोआप ताकद येईल" हा सल्ला ऐकू नये. फोनचा रिचार्ज जसा पुरवून वापरतो तसं, अवघड काम सकाळी, एका वेळी एक, मध्ये पडून राहणं. ओटा लहान झालाय तर त्यावरचं सामान कमी करा. लिहून ठेवा, गॅसला टायमर लावा, गोळ्यांची वाराची डबी आणा. त्यात कमीपणा कसला.

काकूला हे कोणी शिकवलं नाही. पुढच्या वर्षीच्या गणपतीत तिने डाव्या हाताशी एक वाटी ठेवली आणि त्यात एकवीस चिंचोके. एक आवर्तन झालं की एक चिंचोका उचलून ताम्हनात. दूध वर आलं तेव्हा तिने खूण केली नाही, डोळे मिटूनच होती, वहिनीने उठून गॅस बंद केला. अठरावं झालं, काकूने डोळे उघडले, वाटीत बोट घालून तीन चिंचोके चाचपले आणि परत सुरू केलं.